हिरवा कफ दिसला की अँटिबायोटिक? थांबा जरा

"लहान मुलाला ब्राँकायटिस झाला की कफ हिरवा दिसताच अँटिबायोटिक सुरू करा, दिवसातून तीनदा वाफ द्या, छातीला कापूर चोळा, दूध पूर्ण बंद करा." हा फॉरवर्ड मला एका आठवड्यात तिघांकडून आला, आणि माझी दोन वर्षांची पोरगी तेव्हा आतल्या खोलीत खोकतच होती, म्हणून जरा चिडूनच लिहितेय.

आधी तो हिरवा कफ. रंग बघून जंतू ओळखता येत नाहीत हो. आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यात एक हिरवट एन्झाइम असतं, त्याने कफ हिरवा-पिवळा होतो, व्हायरस असला तरी होतो. आणि मुलांचा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांना आलेली सूज, बहुतेक वेळा व्हायरसचाच, त्याला अँटिबायोटिक काही करत नाही, जुलाब मात्र लावू शकतं. खोकला 2-3 आठवडे रेंगाळतो, म्हणून आठव्या दिवशी घाबरून उरलेली जुनी बाटली उघडू नका.

वाफेचं तर मला कळतच नाही, उकळतं पाणी, वर टॉवेल आणि एक मिनिट गप्प न बसणारं मूल! मुलं भाजतात अशाने. नाक चोंदलं असेल तर सलाईनचे थेंब पुरतात.

कापूर 2 वर्षांच्या आतल्या बाळाला नकोच, पोटात गेला तर झटके येतात. दुधाने कफ वाढत नाही, घशात जरा चिकट वाटतं इतकंच, आणि अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नका. मध रात्री अर्धा चमचा चालतो, पण वर्षाच्या आत थेंबभरही नाही, बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा, धोका असतो.

खरी बघायची गोष्ट त्या मेसेजात नाहीच, ती म्हणजे श्वास. मूल शांत झोपलं की झबलं वर करायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त भरले तर डॉक्टर गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, मूल काही पीतच नाहीये, तर आकडा कितीही असो, तडक हॉस्पिटल.

काल रात्री मोबाईलच्या उजेडात मोजले, 32 भरले. परत मोजले, 31. मग मीही आडवी झाले.