साठ माणसं आणि आमची चाळ

डिटेक्टिव्ह गेम एकट्याने, दिवे मालवून खेळायचा असतो असं ज्याने कोणी ठरवलं, त्याने लालबागच्या चाळीत एक रात्रही काढलेली नाही.

गेम आहे ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. ल्यूकस पोप या माणसाने २०१८ साली जवळजवळ एकहाती केलेला. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १८०२ मध्ये लंडनहून निघतं, गायब होतं आणि १८०७ मध्ये फाल्मथ बंदरात येऊन उभं राहतं. आत जिवंत कोणी नाही. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. साठ माणसांपैकी कोण कोण होतं, कसं गेलं, कोणी मारलं, हे वहीत भरायचं. हाताशी एक घड्याळ. सांगाड्याजवळ धरलं की आधी अंधारात त्याचं शेवटचं बोलणं ऐकू येतं, मग तो क्षण जागच्या जागी थिजलेला दिसतो.

शेवटचं बोलणं फार महत्त्वाचं. नेमकं तेव्हाच समोरच्यांचा कुकर शिट्टी देतो. मरणारा काहीतरी पुटपुटतो, मला ऐकू येतं, “भंगारवाऽऽला!”

गेम मुद्दाम काळापांढरा आहे. आईने मागून पाहिलं आणि म्हणाली, “पिक्चर ट्यूब गेली वाटतं. दाखवून घे कोणाला तरी.” मग तिथेच मटार सोलत बसली. ही खरी आपत्ती.

खलाशी झोळ्यांमध्ये झोपलेले असतात. झोळीवर नंबर, बाहेर नुसते पाय. मी नकाशा, यादी, चित्र असं सगळं उघडून डोकं खाजवत होतो.

“पाय बघ ना,” आई म्हणाली. “चेहरा काय बघतोस? गॅलरीत चपला बघून मला कळतं की नाही, कोणाकडे कोण आलंय ते?”

यात नवल नाही. कोण कोणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही, एवढ्यावरच चाळ चालते. त्या जहाजावरही तेच करायचं असतं: कोण कोणाच्या शेजारी उभा, कोणाच्या अंगावर कसला कोट. तीन जण बरोबर भरल्याशिवाय गेम एकाचंही ‘बरोबर’ म्हणत नाही, म्हणजे अंदाजपंचे चालत नाही. आईचे तिघे एका दमात लागले. मटार सोलून व्हायच्या आत.

मग बातमी पसरली. माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले काका खुर्ची घेऊनच आले आणि दोरखंडाच्या गाठींवर बोलत बसले. एका खुनाला त्यांनी पाठ केली होती, पण गाठ सोडली नाही.

सर्वांत वाईट, विमा एजंट काकू. शेवटी कंपनी हिशेब लावते. मेलेल्यांच्या वारसांना भरपाई देते आणि खुन्यांच्या मालमत्तेतून दंड कापते. काकूंनी चष्मा पुसला.

“दंड? वारसांनी काय केलं?”

“काकू, गेम आहे.”

“असू दे. तुझ्या पॉलिसीवर नॉमिनी कोण आहे रे?”

मी गप्प. आईने मटाराचं ताट खाली ठेवलं. काकूंच्या पिशवीत फॉर्म होताच.