पहिलीतलं मूल ओळखायचं तर

२०२५ साली महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गाइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्याच वर्गाची झाली नसेल. हिंदी तिसरी भाषा म्हणून पहिलीपासून आणणारे दोन शासन निर्णय निघाले, जूनअखेर ते मागे घेतले गेले, आणि त्याच वर्षी नवा अभ्यासक्रमही पहिलीपासून लागू व्हायला लागला. इंग्लंडमधून हे सगळं वाचताना सोलापूर डोळ्यांसमोर येतं आणि एक प्रश्न सुटत नाही. या वर्गात बसणारं मूल कोण आहे, त्याला काय आवडतं, ते कसं शिकतं, हे शिक्षकाला कधी आणि कसं कळणार? शहराच्या पूर्वभागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, बंजारा तांड्यावर गोरमाटी, कुठे दखनी. तिसरी भाषा कोणती यावर रान उठलं, पण या मुलांना मराठीच शाळेत येऊन शिकायची असते, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

इथे इंग्लंडमध्ये चार वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरमध्ये ‘रिसेप्शन’ वर्गात येतं. या वयाच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. २०२१ पासून पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक मुलाची सुमारे २० मिनिटांची सरकारी चाचणी होते. पण शिक्षकाला मूल कळतं ते इतर गोष्टींमुळे. अनेक शाळांत शिक्षक वर्ग सुरू होण्याआधी घरी जाऊन येतात, नर्सरीच्या ताईंशी बोलतात, आणि दिवसातला मोठा वेळ मुलं आपापलं खेळत असताना नुसतं बघत असतात. मूल गप्प असेल तर ते ‘मागे’ आहे असं ठरवण्याआधी घरच्या भाषेत ते काय काय बोलतं हे पालकांकडून समजून घ्यावं, असं इथली नियमावली सांगते. एवढा एक नियम सोलापुरात मनापासून पाळला तर पुष्कळ मुलांच्या कपाळावरचा ‘मंद’ हा शिक्का पुसला जाईल.

इथलं सगळंच उचलण्यासारखं मात्र नाही. २००० नंतरच्या दशकात इथल्या शाळांत ‘शिकण्याच्या शैली’चं वारं शिरलं होतं: हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, तिसरं हाताने करून शिकणारं. २००८ मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. हा दावा खरा ठरायला ‘बघणाऱ्या’ मुलांना चित्रांतून जास्त आणि ‘ऐकणाऱ्या’ मुलांना तेच ऐकून जास्त समजतं असं दिसायला हवं. तसा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. माध्यम ठरवतो तो विषय. ‘ळ’चं वळण डोळ्यांनी आणि हाताने शिकावं लागतं, कवितेची लय कानानेच कळते, मग मूल कुठलंही असो.

इथे जे मागे पडत गेलं, तेच आपल्याकडे शाळांच्या माहितीपत्रकांत नवं म्हणून छापलं जातं, याचं वाईट वाटतं. त्याच्याही पुढे जाऊन बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचण्या आहेत. त्यांसाठी पालक हजारो रुपये मोजतात, त्यात यंत्रमागावर राबणारेही असतात. बोटांवरच्या रेषा मूल जन्मण्याआधीच तयार झालेल्या असतात. त्यांवरून सहा वर्षांच्या मुलाला गणित आवडेल की गाणं, हे सांगता येत नाही. ते पैसे वाचवावेत आणि त्यातून मुलाला चार गोष्टीची पुस्तकं घ्यावीत.

मग करायचं काय? आपल्याकडे ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आहे. मेळाव्यात मूल नोंदणीपासून एकेका टेबलापाशी जातं, शारीरिक, बौद्धिक, भाषेची, गणनपूर्व तयारी बघितली जाते आणि विकासपत्र भरलं जातं. कल्पना उत्तम आहे. अडचण एवढीच की गर्दीत, आई शेजारी उभी असताना, फुगे आणि रांगोळीच्या गडबडीत मूल काही मिनिटं जे करतं ते त्या दिवसापुरतं असतं. विकासपत्र फाईलला लागतं आणि जुलैत वर्गशिक्षिकेच्या हाताशी नसतं. ते टेबलावर ठेवा आणि पुढचे पाच-सहा आठवडे त्यात भर घालत राहा.

सुरुवात पालकांशी बोलण्याने व्हावी. दहा मिनिटं पुरतात, पण वेळ त्यांची पाहून ठरवावी. आई विड्या वळत असेल तर कारखान्यात विड्या देऊन पानं-तंबाखू घेऊन येण्याची वेळ टाळावी, वडील मागावर असतील तर शिफ्ट विचारून घ्यावी. ‘मुलाला काय आवडतं?’ असं विचारलं की ‘मोबाईल’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारावं: कुणी न सांगता काय करत बसतो? घरात कुणाच्या मागे मागे असतो? रडायला लागला की कशाने थांबतो? हट्ट कोणत्या भाषेत करतो? शेवटच्या प्रश्नाने घरची खरी भाषा कळते, कारण फॉर्मवर बहुतेक जण ‘मराठी’ लिहून मोकळे होतात. भाषा येत नसेल तर चौथीतली एखादी मुलगी किंवा अंगणवाडी सेविका मदतीला घ्यावी.

त्यानंतर वर्गात चार कोपरे करावेत. एकात चिंचोके, मणी, आइस्क्रीमच्या काड्या. दुसऱ्यात चित्रांची पुस्तकं. तिसऱ्यात माती किंवा मळलेली कणीक. चौथ्यात जोडायच्या-रचायच्या वस्तू. सोलापुरात या चौथ्या कोपऱ्याला पैसे लागत नाहीत: सुताचे रिकामे कोन, रंगीत सुताची गुंतवळ, चादरीचे आणि टॉवेलचे तुकडे मागितले तर मिळतात. कोनांची टोकं गुळगुळीत आहेत ना, एवढं बघून घ्यावं. मणी-चिंचोक्यांपाशी लहान भावंड येऊन बसलं असेल तर लक्ष ठेवावं, ते तोंडात घालतं.

रोज ३० मिनिटं मुलांना हवं तिथे बसू द्यावं. शिक्षिकेने त्या वेळात पाचच मुलं बघायची, प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं. ४० मुलांचा वर्ग आठ दिवसांत होतो, आणि जुलैअखेर तीन फेऱ्या सहज होतात. वहीत प्रत्येक मुलाला एक पान. लिहायचं ते इतकंच: कुठे बसला, कुणाबरोबर, किती वेळ टिकला, अडला तेव्हा काय केलं. ‘हुशार’, ‘चंचल’, ‘लाजाळू’ हे शब्द या वहीत नकोत. ‘कोन सहा वेळा पडले, सातव्यांदा खाली चादरीचा तुकडा घातला’ ही नोंद तिसऱ्या महिन्यातही उपयोगी पडते. ‘हुशार आहे’ ही पहिल्या दिवशीही पडत नाही.

चुका होतात त्या हे बघण्यातच. वस्तू नवी असली की पहिले दोन दिवस सगळे तिच्यावरच तुटून पडतात, ती आवड नव्हे, म्हणून ते दोन दिवस मोजू नयेत. वस्तू एकच असेल तर ती सगळ्यात दांडगटाकडे जाते, म्हणून प्रत्येक गोष्ट निदान चार मुलांना पुरेल इतकी हवी. लहान मुलं मैत्रिणीमागे जातात, बाई उभ्या असतील तिकडेही जातात, त्यामुळे उभं राहायची जागा बदलत राहावी. आणि तोंडी विचारताना ‘हे आवडतं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असतं. ‘हे की ते?’ विचारलं तर लहानांचा कल शेवटी ऐकलेलं उचलण्याकडे असतो. दोन चित्रं समोर ठेवावीत आणि दोन दिवसांनी त्यांची जागा उलटून पुन्हा विचारावं. दोन्ही वेळा तेच निवडलं तर त्याला अर्थ आहे.

शिकण्याची पसंती म्हणून नोंदवण्याजोग्या गोष्टी डोळा-कान-हात यांहून वेगळ्या आहेत. मूल एकटं रमतं की जोडीने? आधी दुसऱ्याला करताना बघतं की थेट हात घालतं? अडल्यावर लगेच विचारतं की गप्प बसतं? खिचडीच्या आधी तरतरीत असतं की नंतर? या सवयी बदलतात, म्हणून दर दोन महिन्यांनी पान नव्याने वाचावं.

आवड कळली म्हणून ४० मुलांसाठी ४० पाठ करायचे नाहीत, ते कुणालाच जमणार नाही. सहा-सात मुलांच्या गटाला जोडणारी एखादी गोष्ट धरावी. चादरीवरच्या नक्षीत रमणाऱ्या गटाला ‘लाल-लाल-पांढरा, पुढे काय?’ यातून आकृतिबंध आणि दोन-दोनने मोजणं दोन्ही होतं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेनंतर पाळणे आणि नंदीध्वज मुलांच्या बोलण्यात आठवडाभर असतात. त्या आठवड्यात वाचनपाठ फळ्यावर त्यांच्याच वाक्यांचा व्हावा.

आणि आवडीपाशीच थांबू नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मूल निवडतं ते त्याने पाहिलेल्यातूनच. विडी वळणाऱ्या घरातली मुलगी सफाईने कागदाच्या घड्या घालते म्हणून ‘हिला हस्तकला आवडते’ असं लिहून मोकळं होणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिने भिंग हातात धरलेलं नसतं, नकाशा पाहिलेला नसतो. दर पंधरा दिवसांनी एका कोपऱ्यात कुणीच न पाहिलेलं काहीतरी ठेवलंच पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना जागतिक पुरस्कार मिळाला. त्यामागेही पुस्तकापलीकडचं काही मुलापर्यंत पोचवण्याची धडपड होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगती पत्रक आता आपल्याकडे येतं आहे. त्यात मुलाचं स्वतःचं, सोबत्यांचं आणि पालकांचंही मत असणार. मला ते आवडतं, पण भीतीही वाटते. इथे शिक्षक पुराव्याच्या फोटोंखाली इतके दबले की २०२१ च्या लहान मुलांच्या शिक्षणाच्या नव्या आराखड्यात कागदपत्रं कमी करा असं सरकारलाच सांगावं लागलं. सोलापुरात दोनशिक्षकी शाळेत एकच बाई दोन-दोन वर्ग सांभाळते आणि वर ऑनलाइन माहिती भरते. तिच्याकडून पत्रकाबरोबर फोटोही मागितले तर खेळाची ती ३० मिनिटं फोटो काढण्यातच जातील. केंद्रप्रमुखांनी भेटीत पत्रक बघू नये. वही उघडावी, कोणतीही तीन पानं वाचावीत आणि त्या मुलांना वर्गात शोधावं.

बदल्यांचाही विचार व्हायला हवा. शिक्षिका दुसऱ्या तालुक्यात गेली की वही तिच्याबरोबर जाते किंवा कपाटात पडते, आणि दुसरीची नवी शिक्षिका सगळं पहिल्यापासून सुरू करते. बदलीच्या कार्यमुक्तीआधी दोघींनी अर्धा तास समोरासमोर बसून पानं उलटायची, हे मुख्याध्यापकांच्या पातळीवर आजही ठरवता येतं. त्यासाठी शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.