साडेसहा बाय साडेसहा

आमच्या हॉलमधलं फर्निचर बाहेरच्या पॅसेजमध्ये आलं की मजल्यावरच्या लोकांना दोनच गोष्टी सुचतात. भाद्रपद असेल तर गणपती. भाद्रपद नसेल तर दुसरी. त्यामुळे मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी टीपॉय, दोन खुर्च्या आणि चपलांचं स्टँड बाहेर काढलं, तेव्हा शेजारच्या काकू लगबगीने आल्या, पदर सारखा केला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "कधी झालं?"

"हे काय, आत्ताच," मी म्हटलं.

"फार त्रास नाही ना झाला?"

"टीपॉय जरा जड गेला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं ते धक्क्याने मेंदूवर परिणाम झालेल्या माणसाकडे बघतात तसं. तेवढ्यात आतून आईचा खणखणीत आवाज आला, "कोण आलंय रे? त्यांना म्हणावं, बसा." काकू बसल्या नाहीत. बसायला काही ठेवलंच नव्हतं.

तर झालं होतं असं, की अमेरिकेतला भाचा सुट्टीवर येताना व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट घेऊन आला होता. डोळ्यांना लावून खोट्या जगात शिरायचं ते. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं की खेळण्यासाठी निदान साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा हवी. हे वाक्य लिहिणारा माणूस डोंबिवलीला कधी आलेला नसावा. इथे एवढ्या जागेत लोक लग्न करून राहतात. आमचा हॉल दहा बाय बारा. त्यात दिवाण, टीव्हीचं युनिट, आईची खुर्ची, कपड्यांचा घडीचा स्टँड आणि कन्येने सोडून दिलेलं कीबोर्ड. उरलेल्या जागेत आम्ही.

भाचा व्हीआरच्या बाबतीत वारकरी आहे. २०१४ साली तो इंजिनिअरिंगला होता. एका रविवारी आला तो पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यात दोन भिंगं बसवून, एका बाजूला लोहचुंबक चिकटवून. गूगलने त्याच वर्षी तसल्या पुठ्ठ्याच्या चष्म्याचा आराखडा जाहीर केला होता, बनवा म्हणाले ज्याचा त्याने. पुठ्ठा त्याचा होता, फोन माझा. मी आत डोकावलो तर काहीतरी हललं आणि चीजचा वास आला. "मामा, फेसबुकने ऑक्युलस कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतलीय. पुढच्या वर्षी बघा, घराघरात!"

पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या दहा लाखांवर वर्गणीदारांना तसले पुठ्ठ्याचे चष्मे फुकट वाटले. आमचा पेपरवाला कॅलेंडर द्यायलाही कां कूं करतो, पण ते असो. २०१६ मध्ये खरेखुरे हेडसेट आले. एक ५९९ डॉलरचा, एक ७९९ चा. आणि ते चालवायला भारीतला कॉम्प्युटर वेगळा. म्हणजे नवरामुलगा परवडला असता, वऱ्हाड परवडत नव्हतं. "पुढच्या वर्षी," भाचा म्हणाला. २०१७ मध्ये फेसबुकचे झुकरबर्ग म्हणाले की शंभर कोटी लोकांना व्हीआरमध्ये आणायचंय. मी मनातल्या मनात आमची चार डोकी वजा केली. २०२० च्या ऑक्टोबरात २९९ डॉलरचा, वायर नसलेला, कॉम्प्युटर न लागणारा हेडसेट आला आणि तो खरोखर खपला, पण त्या काळात आम्ही भाज्या साबणाने धूत होतो. पुढच्याच वर्षी फेसबुकने नावच बदललं. मग २०२४ मध्ये ॲपलचा आला: ३,४९९ डॉलर, म्हणजे जवळपास तीन लाख रुपये, आणि बॅटरी वेगळी, वायरने जोडून खिशात ठेवायची. तीन लाख मोजून कमरेला वायर. माझ्या वडिलांचं कानाचं जुनं यंत्र असंच होतं, खिशात डबी आणि कानात वायर. ते सरकारी दवाखान्यातून मिळालं होतं.

दरवर्षी आपलं "पुढच्या वर्षी". गणपतीलाही आपण हेच म्हणतो, पण गणपती येतो.

एकदा ८.१३ च्या फास्टला, डोंबिवली ते ठाणे एका पायावर उभा असताना, दुसऱ्याच्या खांद्यावरून हात काढून मी फोनवर याचा इतिहास वाचला. हे प्रकरण भाच्याच्या आणि माझ्याही जन्माआधीचं निघालं. १९६२ साली मॉर्टन हायलिग नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एका मशिनचं पेटंट घेतलं. खुर्चीत बसून डोकं आत घालायचं, की चित्र दिसायचं, वारा लागायचा, खुर्ची थरथरायची आणि वासही यायचे. (हा अनुभव मी त्या क्षणी घेतच होतो, खुर्ची सोडून.) १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावायचा पडदा बनवला. त्याचं धूड इतकं होतं, की ते छताला टांगावं लागायचं. आमच्या छताला आधीच वरच्या मजल्याचं बाथरूम टांगल्यासारखं आहे, गेली सहा वर्षं ठिबकतंय. १९९५ मध्ये निन्टेन्डोने खेळायचा आणला, त्यात सगळं लालच्या लाल दिसायचं, वर्षभरात गुंडाळला. म्हणजे साठ वर्षं लोक ही टोपी माणसाच्या डोक्यावर चढवायला बघताहेत आणि माणूस मान काढून घेतोय. आता मात्र टोपी माझ्या हॉलमध्ये येऊन पोचली होती आणि पळायला जागा नव्हती. होती नव्हती ती टोपीला दिलेली.

हेडसेटचं वजन अर्धा किलो. अर्धा किलो भेंडी पिशवीत काहीच वाटत नाही, नाकावर ठेवून बघा. शिवाय मला चष्मा. वरून लांबचं, खालून जवळचं. आत पडदा डोळ्यापासून बोटभर, पण भिंगं अशी की डोळ्याला वाटावं चित्र मीटर-दोन मीटरवर आहे. मग मी वरून बघू की खालून? मी हनुवटी वर-खाली करत राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणाला हो हो म्हणताय?"

मग सीमारेषा. हातातल्या दांडक्याने जमिनीवर आपल्याभोवती रेघ आखायची. खेळताना तिच्या जवळ गेलं की निळी जाळी दिसते, म्हणजे पुढे भिंत आहे असं समजायचं. लक्ष्मणरेषाच, फक्त आत सीतेऐवजी एक ढेरपोट्या इसम. मी रेघ पुरी करत आणली की तेवढ्यात आई देवघराकडे जायची आणि यंत्र म्हणायचं, जागेत अडथळा आहे. असं तीनदा झालं. "मला अडथळा म्हणतंय का ते?" आईने विचारलं. भाच्याने तिला दिवाणावर बसवलं.

कन्येने आतलं चित्र टीव्हीवर लावलं. आणि तिथे माझी उरलीसुरली अब्रू गेली.

खेळ असा, की आपण लिफ्टमधून एका गगनचुंबी इमारतीच्या टोकावर जातो. दार उघडतं. समोर एक फळी, खाली शहर. फळीवर चालायचं, बस्स. मला पूर्ण ठाऊक होतं, की मी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्याच हॉलमध्ये, मोझॅकच्या लाद्यांवर अनवाणी उभा आहे. डाव्या पायाखाली कोपरा उडालेली लादी आहे हेसुद्धा लागत होतं. पण पाय उचलेना. तळव्यांना घाम. खाली मुंगीएवढ्या मोटारी. आणि आकाशातून, चारी दिशांनी, आमच्या घरच्यांचे आवाज:

"बाबा, चला ना!"

"डावीकडे, अहो डावीकडे! तुमचं डावं!"

"अरे पडशील, मागे ये," आई म्हणाली. तिने मागून माझ्या बनियनचं टोक घट्ट धरलं होतं हे मला नंतर कळलं. त्या क्षणी गगनचुंबी इमारतीच्या टोकावर कोणीतरी माझं बनियन ओढलं, एवढंच मला जाणवलं, आणि मी जी किंकाळी फोडली तिने काकू पुन्हा आल्या.

मी अर्धी फळी पार केली होती तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

व्हीआरवर लिहिणारे मोठमोठे जाणकार या मुद्द्याला हात घालत नाहीत. आमच्या घरात शिट्टी झाली, की जो जवळ असेल त्याने मोजायची असते. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "किती झाल्या हो?" तिने तिथून विचारलं. ऐंशीव्या मजल्यावरून मी ओरडलो, "एक!" दुसरी झाली. तिसरीला गॅस बंद करायचा. मी सवयीने वळलो, निळी जाळी ओलांडून स्वयंपाकघराच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि दिवाणाच्या लाकडी कोपऱ्यावर गुडघा आपटला. त्याच वेळी आत मी फळीवरून पडलो. पाताळात जाता जाता मी खऱ्याखुऱ्या वेदनेने कळवळत होतो, आणि भाचा कौतुकाने म्हणत होता, "बघा, किती रिअल वाटतं!"

त्यानंतर लागली. मला लहानपणापासून गाडी लागते. कुंभार्ली घाटात एसटीची खिडकी, आवळासुपारी आणि मी हे जुनं त्रिकूट आहे. भाच्याने कारण समजावलं: कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. घाटात तो सांगतो हलतोय, आणि हातातल्या मासिकात घातलेले डोळे सांगतात स्थिर आहे. टोपीत उलटं, डोळे सांगतात उडतोय, कान सांगतो हा तर डोंबिवलीत उभा आहे. दोघांचं भांडण लागतं आणि निस्तरतं पोट. चित्र सेकंदाला नव्वद वेळा बदललं, मान वळवल्यावर ते सेकंदाच्या हजारातल्या वीस भागांच्या आत वळलं, तर भांडण कमी होतं म्हणे. मी बेसिनला वाकून ऐकत होतो. गाडी लागली तर निदान चिपळूण तरी येतं.

दुपारी बायकोची पाळी आली. तिचा आक्षेप तांत्रिक होता: पट्टा अंबाड्यावर बसेना. अंबाड्याच्या वरून घेतला तर हेडसेट नाकावर घसरे, खालून घेतला तर ती छताकडे बघे. शेवटी तिने केस सोडले, समुद्राच्या तळाशी गेली, देवमासा बघितला, "बरं आहे" म्हणाली आणि चार मिनिटांत बाहेर आली, कारण दूध तापत होतं. आईने नाकच मुरडलं. "डोळे असून आंधळं व्हायचं, आणि वर पैसे द्यायचे?"

आईचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्या चाळीत पहिला टीव्ही आला तो पुढे दोन-तीन वर्षांनी, तळमजल्यावर. एकाकडे होता, पण बघायला पन्नास जण. मुलं पुढे, म्हातारे खुर्चीवर, उरलेले खिडकीच्या गजांना. घरवाल्याला स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. चाळीत टीव्ही एक होता, तरी तो सगळ्यांच्या घरात होता. ही टोपी एकट्याची. ती घातली की माणूस घरात असून नाही, आणि आमच्या घरात असं नसण्याची परवानगी फक्त आंघोळीला आहे, तीही पाणी असेपर्यंत. झुकरबर्गसाहेबांच्या या खात्याला २०२३ या एका वर्षात १६ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच सुमारास मुंबई महापालिकेचं वर्षाचं बजेट साठ हजार कोटींच्या घरात होतं. तेवढ्यात दोन मुंबया चालल्या असत्या, खड्ड्यांसकट. त्यातले थोडे पैसे खर्चून त्यांनी आमच्या हॉलमध्ये एक माणूस पाठवून दुपारभर बसवला असता, तर पुष्कळ बचत झाली असती.

भाचा गेला, हेडसेट ठेवून गेला. "मामा, पुढच्या वर्षी चष्म्याएवढा येतोय, तोवर हा वापरा." यंत्र कपाटावर गेलं, चपात्या लाटायचं मशिन आणि कमरेला लावायचा थरथरता पट्टा यांच्या शेजारी.

परवा घरात कोणी नव्हतं. मी कपाटावरून टोपी काढली, डोक्यावर चढवली, दिवाणावर आडवा झालो आणि डोळ्यांसमोर थिएटरएवढा पडदा लावून जुना क्रिकेटचा सामना बघू लागलो. न हलता. पोट शांत. अर्धा तास कोणी हाक मारली नाही. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी. हातात रजिस्टर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नजर वर नेली, तिथेच ठेवली, मग रजिस्टरवर आणली. "रविवारी जनरल बॉडी आहे. पुनर्विकासाची. बिल्डर ते डोळ्याला लावायचे डबे घेऊन येतोय, त्यात नवा फ्लॅट बघायला मिळणार म्हणे. मोठ्ठा हॉल, एकदम मोकळा." त्यांनी पेन पुढे केलं. "काकू म्हणाल्या, तुमच्या घरी आहे तसला. तर ज्येष्ठ सभासदांना तो लावून द्यायला तुम्ही उभे राहाल का?"

मी सही केली. "राहीन की."

ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, इकडेतिकडे बघून परत वर आले आणि काकूंनी काढला होता तितकाच हळू आवाज काढून म्हणाले, "आणि साहेब, मीटिंगला येताना तेवढी टिकली काढून या."