‘फोन आहे ना, मग वेदर रेडिओ कशाला?’

अमेरिकेत कॅम्पिंगचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: वेदर रेडिओ (सरकारी हवामान सेवेचं प्रक्षेपण पकडणारा आणि धोक्याचा इशारा आला की वाजणारा छोटा रेडिओ) ही जुन्या काळची वस्तू आहे, वादळाचा सरकारी इशारा आता थेट फोनवर येतो, ॲपमध्ये रडार दिसतं, आणि रेडिओ मात्र रात्रभर नको तिथले इशारे वाचत बसतो. तेव्हा सामानातून तो काढून टाका. यंदा मला तो तिघांनी पाठवला. त्यातलं एक जोडपं लहान बाळाला घेऊन पहिल्यांदाच तंबूत राहायला निघालं आहे, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘इशारा थेट फोनवर येतो.’ काही इशारे येतात. सगळे येत नाहीत, आणि घोटाळा इथेच आहे. फोन अचानक कर्कश वाजून जो इशारा दाखवतो ती सेवा 2012 पासून सुरू आहे आणि तिने खूप जीव वाचवले आहेत, यात वाद नाही. पण अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तीव्र वादळाची वॉर्निंग देते ती वारा ताशी 58 मैल, म्हणजे सुमारे 93 किलोमीटर, किंवा गारा एक इंचाच्या होणार असतील तेव्हा. ही वॉर्निंग फोनवर ढकलली जात नाही. 2021 पासूनचा नियम असा की वारा ताशी 80 मैलांचा किंवा गारा पावणेतीन इंचांच्या असतील, तरच फोन वाजतो. पक्क्या घरात झोपलेल्या माणसासाठी हा नियम योग्यच आहे, नाहीतर लोक वैतागून इशारेच बंद करून टाकतील. पण तुमच्या डोक्यावर कौलं नाहीत, नायलॉनचं कापड आहे आणि वर वाळलेल्या फांद्या आहेत. ताशी 60 मैलांच्या वाऱ्यात घराची खिडकी थरथरते. तंबूवर झाड येतं. अचानक येणाऱ्या पुराचंही तसंच: गंभीर शेरा असलेल्या वॉर्निंगाच फोनवर येतात. वेदर रेडिओवर मात्र या सगळ्या वॉर्निंगा येतात.

हे सगळं फोनला रेंज आहे असं धरून. 11 जून 2010 च्या पहाटे आर्कान्सामधल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर लिटल मिसूरी नदी काही तासांत सुमारे 20 फुटांनी चढली. लोक तंबूत आणि गाड्यांत झोपले होते. 20 जण गेले, त्यांत लहान मुलं होती. डोंगरांमधल्या त्या खोऱ्यात मोबाइलची रेंज नव्हती म्हटलं तरी चालेल. कॅम्पिंगच्या जागा आपण निवडतो त्याच मुळी अशा.

‘ॲपमध्ये रडार दिसतं.’ दिसतं, तुम्ही जागे असाल आणि इंटरनेट असेल तर. रात्री दोन वाजता कोण रडार बघतं? शिवाय रेंज शोधत राहणाऱ्या फोनची बॅटरी सकाळपर्यंत तळाला जाते. उपग्रहावरून जोडणारे फोन आले आहेत आणि पुढे चित्र बदलेलही, पण त्यांना उघडं आकाश लागतं. दाट झाडीत ते मिळेल याचा भरवसा नाही.

‘हवं तर साधा एफएम न्या.’ हा त्याच मेसेजचा शेपटाकडचा सल्ला. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो. हवामान सेवेची सात चॅनेलं 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झवर आहेत. साध्या एफएमवर ती लागतच नाहीत.

‘रेडिओ नको तिथले इशारे वाचत बसतो.’ या तक्रारीत तथ्य आहे. रेडिओवरचा इशारा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, हिशेबाने येतो. काउंटीच्या एका टोकाला वादळ असलं तरी दुसऱ्या टोकाचा रेडिओ वाजतो. फोनवरचा इशारा याबाबतीत जास्त नेमका. पण बाकीच्या कटकटीला उपाय आहे. बऱ्याच रेडिओंमध्ये काउंटीचा सहा आकडी कोड भरता येतो, मग फक्त त्याच काउंटीच्या इशाऱ्याला तो वाजतो, एरवी गप्प. उदाहरणार्थ 051139: 51 म्हणजे व्हर्जिनिया राज्य, 139 म्हणजे पेज काउंटी, आणि सुरुवातीचं शून्य म्हणजे अख्खी काउंटी.

हा कोड मुक्कामाच्या जागेचा लागतो, घराचा नाही. मी एका ट्रिपला हीच चूक केली होती. रेडिओ उशाशी ठेवून निर्धास्त झोपलो, रात्री जोराचं वादळ होऊन गेलं आणि रेडिओतून चकार शब्द आला नाही. आत घरच्या काउंटीचा कोड तसाच होता.

पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात गेलो, बरोबर बहीण आणि तिची दोन मुलं. हे उद्यान आठ काउंट्यांत पसरलेलं आहे. डोंगराच्या धारेच्या एका बाजूला पेज, तर दुसऱ्या बाजूला मॅडिसन. त्यामुळे नुसता कोड भरून भागत नाही, आपण कुठे आहोत हेही माहीत लागतं. या वेळी मी चिकटपट्टीवर आमची आणि शेजारच्या काउंट्यांची नावं लिहून ती रेडिओच्या पाठीवर लावली होती. रात्री दीडच्या सुमारास तो कानठळ्या बसवणारा एकसुरी आवाज झाला आणि मागोमाग यंत्राचा सपाट आवाज काउंट्यांची नावं वाचू लागला. टॉर्चच्या उजेडात पट्टी बघितली: पहिलंच नाव आमचं. मुलांना झोपेतच उचललं आणि गाडीत बसवलं. वारा आला तो अर्ध्या तासाने. सकाळी तंबूचा एक खांब काटकोनात वाकलेला होता आणि मनगटाएवढी फांदी बरोबर धाकट्याच्या झोपायच्या पिशवीवर पडलेली होती. फोनवर तेव्हाही रेंजची एकही दांडी नव्हती.

‘आकाश बघून कळतं.’ दिवसा, उघड्या माळावर थोडंफार. पण पूर येतो तो बरेचदा वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने, तुमच्या डोक्यावर चांदणं असताना. एका गोष्टीसाठी मात्र कान-डोळेच वापरायचे, ती म्हणजे वीज. नुसत्या विजांसाठी हवामान सेवा वॉर्निंग देत नाही, त्यामुळे रेडिओ वाजला नाही म्हणून विजेचा धोका नाही असं समजू नका. गडगडाट ऐकू आला की गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबूत विजेपासून काहीही संरक्षण नाही.

रेडिओही सगळीकडे लागत नाही. एका प्रक्षेपकाचा पल्ला साधारण 40 मैल, आणि मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. हातानं फिरवून चार्ज होणारे रेडिओ घ्यायला हरकत नाही, पण जादा सेल न्याच; मध्यरात्री दांडा फिरवत कोणी बसत नाही. मुक्कामी पोचल्यावर तंबू ठोकायच्या आधी अँटेना पूर्ण ओढून सातही चॅनेलं फिरवून बघा. सातांवरही नुसती खरखर असेल आणि फोनलाही रेंज नसेल, तर नदीकाठची जागा कितीही सुंदर असली तरी ती सोडा आणि तंबू वरच्या अंगाला, गाडीजवळ लावा.