दीक्षित की दिवेकर? आधी घरी किती वाजता येता ते सांगा

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. दादा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा भक्त: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही तोंडात टाकायचं नाही. आतेबहीण ऋजुता दिवेकरांच्या बाजूची: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. मधेच आईने नाचणीच्या आंबिलीचा व्हिडिओ टाकला. मुलुंड विरुद्ध बोरिवली असा सामना रंगतो आणि इथे हॅम्बुर्गमध्ये वाचता वाचता माझं डोकं फिरतं.

फिरतं, कारण दादाचा दिवस कसा जातो याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सकाळी आठला घर सोडायचं, कुर्ल्याला उतरून बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग, परतायला नऊ, कधी साडेनऊ. त्याचं दुसरं जेवण रात्री दहाला होतं आणि साडेअकराला तो आडवा. खाल्लं की इन्शुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हे दीक्षितांचं म्हणणं. असेल बरोबर. सेंट्रल लाइनचं वेळापत्रक काही त्यांच्या हातात नाही.

इकडे हॅम्बुर्गला संध्याकाळी सहाला जेवण. काळा पाव, चीज, काकडी, थंडीत सूप. पाचला लॅपटॉप बंद, सायकलवर घरी, वाटेत रेवे सुपरमार्केटमधून काय हवं ते. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच आठवड्याचा विचार करावा लागतो. याला इथे कुणी डाएट म्हणत नाही. सहा तासांहून जास्त काम असेल तर किमान अर्धा तास सुट्टी आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती, हे कायद्यातच आहे. जेवणाची वेळ अशी ठरते, आहारतज्ज्ञ नंतर येतो. (इथेही निम्म्याहून अधिक प्रौढांचं वजन जास्त आहे, ठाऊक आहे मला. तो बिअरचा विषय, इथे नको.)

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वहिनीचं उत्तर आलं, "तुमच्याकडे थंड पाव चालतो. तुमच्या भावाला रात्री दहालाही तव्यावरची पोळी लागते." पोळीभाजी केंद्रातली त्याला कडक लागते म्हणे. वहिनीही बँकेतून सातला येते. दोन जेवणं असोत की दर दोन तासांचं खाणं, ते रांधायचं कुणी, डबे भरायचे कुणी, हा प्रश्न या आहारवादात कुठल्याच पक्षाने विचारलेला मला दिसला नाही.

आणि हे मुंबईला कळत नाही असं थोडंच आहे? घरचं जेवण दुपारी माणसाच्या टेबलापर्यंत पोचलं पाहिजे म्हणून या शहराने १८९० पासून डबेवाल्यांची व्यवस्था चालवली. गिरणगावातल्या खाणावळी पाळ्यांच्या वेळा सांभाळून ताटं वाढत. कामाचे तास आणि पोट यांचा संबंध तिथल्या बायकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होता. आता सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या ग्रुपवर एक ओळ आली नाही. त्या आठवड्यात आम्ही भात रात्री खावा की नाही यावर भांडत होतो.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहीत नाही. डिसेंबरात मुलुंडला गेले की संध्याकाळी सहाला मला कडकडून भूक लागते. आई हसते आणि मला आधी वाढते, आजाऱ्याला वाढावं तसं, एकटीला. दहाला सगळे बसतात. टीव्ही चालू, लोणच्याची बरणी या हातातून त्या हातात, दादा साहेबाची नक्कल करतो, वहिनी ओरडत ओरडत शेवटची पोळी त्याच्याच ताटात टाकते. त्यांच्या दिवसातला एकत्र असण्याचा तेवढाच तास. मी पोट भरलेल्या पाहुणीसारखी कडेला. मग दोन दिवसांनी मीही दहाला बसते, सहाचं खाऊन वर पुन्हा, आणि रात्री पित्त. हॅम्बुर्गला जेवण वेळेवर होतं, पण टेबलावर मी आणि पॉडकास्ट.

तरी माझा मुद्दा मी सोडलेला नाही. परवाच लिहिलं, दादाचं ऑफिस सहाला सुटू दे, मग त्याने दोनदा खावं की सहादा, माझी हरकत नाही. त्यावर आतेबहिणीने विचारलं, सहाला सुटणारी नोकरी मुंबईत असती तर तू गेली असतीस का?

गेले असते, बहुतेक. पगारही होताच.