घसारा ओसाड नसतो

‘उंच पर्वतांवरचे दगडगोट्यांचे उतार म्हणजे मेलेली जमीन. तिथे माती नाही, पाणी नाही. जी चार रोपं दिसतात तीही मरायला टेकलेली. बियांचे गोळे टाका, उतार हिरवा होईल. तोवर तिथून घसरत उतरलात तरी कुणाचं काही बिघडत नाही.’ असा मजकूर बराच फिरतोय. अशा सुट्या दगडगोट्यांच्या उतारालाच घसारा म्हणतात. एकेक वाक्य घेऊ.

‘माती नाही, पाणी नाही.’ एका जागचे वरचे दगड वीतभर खोल अलगद बाजूला करून बघा. बहुतेक ठिकाणी खाली बारीक, ओलसर माती लागते. वरचे दगड उन्हात तापतात, पण त्यांच्यामधल्या मोठ्या पोकळ्यांमुळे खालची ओल वर चढत नाही आणि वाऱ्याने उडत नाही. शेतात आच्छादन घालतात, त्यातलाच प्रकार. (बघून झालं की दगड होते तसे परत ठेवा.) खरी अडचण पायाखालची जमीन सरकण्याची आहे. घसारा साधारण 30 ते 37 अंशांवर तोललेला असतो. पाणी गोठलं-वितळलं की वरच्या कड्यातून नवे दगड सुटतात आणि सगळा थर थोडा खाली येतो.

‘रोपं मरायला टेकलेली.’ इथे मजकूर लिहिणाऱ्याने रोप नीट पाहिलेलंच नाही. वर चार पानांचा झुबका दिसतो, पण त्याचं मूळ सरळ खाली न जाता उताराच्या वरच्या अंगाला लांबवर गेलेलं असतं. दगडांबरोबर पानं खाली वाहतात, मूळ मागे धरून राहतं आणि मधला दांडा दोरीसारखा ताणला जातो. हा आजार नव्हे, जगण्याची रीत आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल श्रोटर यांनी अशा वनस्पतींचे पाच प्रकार पाडले: दगडांमधून भटकणाऱ्या, वरून सरपटणाऱ्या, दगड अंगावर आले तरी खोड लांबवून वर येणाऱ्या, गालिच्यासारख्या पसरणाऱ्या आणि दगड अडवून धरणाऱ्या. आल्प्समधली थ्लास्पी रोटुंडिफोलियम पहिल्या प्रकारातली, तर लिनारिया अल्पिना दुसऱ्यातली. युरोपीय संघाच्या 1992च्या अधिवास निर्देशात (नैसर्गिक अधिवास जपण्याच्या कायद्यात) घसाऱ्यांना 8110, 8120 असे स्वतंत्र संकेतांकही आहेत. मेलेल्या जमिनीची अशी नोंद कोण ठेवील?

‘बियांचे गोळे टाका.’ गोळा गोल, उतार तीव्र. बरेचसे गोळे थेट पायथ्याच्या मोठ्या धोंड्यांत जाऊन पडतात. उरलेल्यांतलं बी फटींतून खोल जातं आणि कोंब उजेडापर्यंत पोचण्याआधीच त्याची शिदोरी संपते. जे वर येतं त्याला मातीत वाढणारे बर्फाचे सुईसारखे स्फटिक मुळासकट उचलतात. झाडांची रोपं लावली तर थर सरकताना ती बुंध्याशी मोडतात. शिवाय वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान जिथे साधारण 6 अंश सेल्सियसच्या खाली जातं, तिथे झाड उभंच राहत नाही, मग कितीही मोहिमा काढा. आणि समजा उतार स्थिरावून खरंच हिरवा झाला, तर गवत-झुडपं दाटतात आणि घसाऱ्याच्या खास वनस्पती हटतात. विरळपणा हीच तिथली भरलेली अवस्था आहे.

‘घसरत उतरलात तरी काही बिघडत नाही.’ बिघडतं. एक टाच रोवली की वरचा थर सुटतो, ताणलेला दांडा तुटतो आणि खालची रोपं गाडली जातात. तुटलेलं रोप भरून यायला वर्षं लागतात: चीनच्या डोंगरांतल्या घसाऱ्यावर वाढणाऱ्या फ्रिटिलारिया डेलाव्हायीला पहिलं फूल यायलाच सुमारे पाच वर्षं जातात. औषधासाठी जिथे तिचे कंद सर्वाधिक खोदले गेले, तिथे तिची पानं हिरवी न राहता दगडांसारखी करडी-तपकिरी झालेली आढळली. माणसाची नजर चुकवणारीच तेवढी उरली.

ओलांडायचंच असेल तर रुळलेली पायवाट धरा. ती नसेल तर पायथ्याजवळून जा. मोठे धोंडे गडगडत तिथेच येऊन थांबतात, ते बारीक खड्यांपेक्षा कमी सरकतात. पाऊल धोंड्यावर ठेवा, धोंड्यांमधल्या मातीवर नको, कारण पानांचा झुबका तिथेच असतो. आणि एकामागोमाग एक सरळ वरून खाली उतरू नका, खालच्याच्या डोक्यावर दगड येतो.