खड्डा बुजवणाऱ्याला बक्षीस कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, कोळसा काढून झाल्यावर जमीन पुन्हा जिवंत करणाऱ्या उघड्या खाणींना अमेरिकेत सरकार पुरस्कार देतं, तसा आपल्याकडेही द्यावा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "ज्याने खड्डा केला त्यानेच तो बुजवायचा. हा हिशेब झाला, उपकार नाही. असली बक्षिसं कंपन्यांना फोटो छापायला लागतात. आणि खान्देशात कोळशाची खाण आहे कुठे? इथलं लिहा की." तुमचा राग रास्त आहे. तरी बक्षीस नकोच, हे मला पटत नाही.

आधी हिशेबाचं बोलू. तिथे हिशेब कायद्यानेच चुकता करून घेतात. ३ ऑगस्ट १९७७ ला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. खाण सुरू करण्याआधीच कंपनीला हमीची रक्कम बांधून द्यावी लागते. वरची सुपीक माती वेगळी काढून जपायची, कोळसा निघाला की जमिनीला जवळपास पहिल्यासारखा चढउतार द्यायचा, माती परत पसरायची, झाडझाडोरा उभा करायचा. हमी टप्प्याटप्प्याने सुटते. शेवटची लागवड झाल्यावरही ५ वर्षं जबाबदारी कंपनीचीच, आणि जिथे वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे १० वर्षं. आपलं शिंदखेडा त्या दहा वर्षांच्या गटात गेलं असतं. पुरस्कार सुरू झाला १९८६ मध्ये, म्हणजे हमीचा फास आवळून झाल्यावर. हमी नसेल तिथे पुरस्कार देऊ नये, हे तुमचं म्हणणं असेल तर मी तुमच्याच बाजूला आहे.

पण नुसत्या हिशेबाने जमीन बरी होत नाही, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियाच्या डोंगराळ पट्ट्यात काय झालं पाहा. कायदा आला, उतार ढासळू नयेत म्हणून कंपन्यांनी भराव डोझरने दाबून दाबून सपाट केला, वर दाट गवत पेरलं. तपासणीला आलेल्याला हिरवं, गुळगुळीत मैदान दिसायचं. कागद चोख होता, पण झाडं मात्र जगेनात. मुळांना खाली जायला वाट नव्हती आणि वरचं पाणी गवत पिऊन टाकायचं. कायद्याच्या आधी सैल टाकलेल्या काही भरावांवर जंगल बरं वाढलं होतं, हे लोकांच्या लक्षात आलं. २००४ पासून तिथली राज्यं आणि केंद्राचं खाण कार्यालय मिळून सांगू लागले : वरचा किमान ४ फुटांचा थर सैल ठेवा, त्यावर अवजड यंत्रं फिरवू नका, झाडांशी भांडणार नाही असंच गवत पेरा.

आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वाफसा नसताना काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर रान कसं चिरडून बसतं आणि पुढच्या हंगामात ढेकळं फुटता फुटत नाहीत, हे आपण दरवर्षी बघतो. विहीर खोदताना वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकाच ढिगात पडला तर त्या जागेवर वर्षानुवर्षं गाजरगवत आणि वेडी बाभूळ. खाणीत हीच चूक शेकडो हेक्टरांवर होते. कोणता थर कुठे ठेवला, डंपर कुठून फिरवला, पाऊस पडल्यावर किती दिवस यंत्र बंद ठेवलं, हे यंत्र चालवणाऱ्याच्या आणि जागेवरच्या अभियंत्याच्या हातात असतं. नियमात ते सगळं मावत नाही. ज्याने ते नीट केलं त्याचं काम चार लोकांना दाखवायचं असेल तर पुरस्कार हे एक चांगलं साधन आहे.

फोटोंबद्दल तुम्ही म्हणता ते होतंच. म्हणून पुरस्कार उद्घाटनाला देऊ नये. लागवडीनंतर काही वर्षं जाऊ द्यावीत, आणि पाहणी श्रावणात करू नये, चैत्र-वैशाखात करावी. पाहणाऱ्यांत शेजारच्या गावचा शेतकरी असावा. त्याच्या विहिरीच्या पाण्याचं काय झालं ते त्याला विचारावं. आणि मानपत्रावर काम करणाऱ्यांची नावं असावीत. कौतुकाने ज्ञान बाहेर येतं, हे आपल्याच साक्री तालुक्यात दिसतं. बारीपाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि बाया रानातल्या किती भाज्या ओळखतात ते गावाबाहेरच्यांना कळतं. त्या गावाने राखलेलं जंगल बघायला लोक लांबून येतात. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बारीपाड्याचं नाव ऐकलंही नव्हतं अशा लोकांनी ते जंगल कसं राखलं म्हणून विचारलं.

आता खान्देशचं. आपल्याकडे कोळशाची खाण नाही, खरं. पण भुसावळजवळच्या दीपनगरच्या केंद्रातली वीज कोळशावरच होते, आणि विदर्भाकडून भुसावळला येणाऱ्या मालगाड्या आपण रोज बघतो. चंद्रपूरकडे सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर या उघड्या खाणी आहेत. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे, ज्याला तिथले लोक 'ओबी' म्हणतात, डोंगर उभे आहेत. विजेचा दिवा आपल्या घरात आणि डोंगर त्यांच्या शिवारात, मग त्यावर बोलायचा अधिकार नाही असं कसं म्हणता? केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या दराने वेगळ्या खात्यात पैसे ठेवायला लावले. म्हणजे हिशेबाची सोय आपल्याकडेही झाली. उत्तम काम कशाला म्हणायचं, हे मात्र आपण अजून लोकांसमोर मांडलेलं नाही.

आणि मुरमाच्या खदानी? रस्त्यांच्या भरावासाठी टेकड्यांची एकेक बाजू खरवडून नेली, उभे कडे तसेच सोडले. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, पोरं पोहायला उतरतात. तिथे तुमचा राग शंभर टक्के लागू आहे, आणि पुरस्काराच्या आधी तिथे हमीची रक्कमच हवी. तहसीलदारांकडे ही मागणी करायची असेल तर निवेदनावर माझी सही धरा.

तुमच्या भागात एखादी खदान नीट बुजवलेली असेल, वर काळी माती पसरून तिथे पीक किंवा झाडं उभी असतील, तर गावाचं नाव कळवा. उन्हाळ्यात येतो. ज्याने जेसीबी चालवला त्याच्याशी बोलून, त्याची परवानगी घेऊन, कामाची रीत त्याच्या नावासकट इथे लिहितो.